अडेनियमच्या कुंडीत खडी: कोणती, किती, कुठे?

गच्चीबाग: ठाण्यात उघड्या गच्चीवर अडेनियम (जाड, फुगीर खोडाची फुलझाडं) आहेत. पावसाआधी माती बदलायची आहे. क्रशरची कच (खडी फोडताना निघणारा बारीक चुरा) चालेल का? तळाशी खडीचा थर द्यायचा ना?

मुरूम: कच तशीच टाकू नका. तिच्यातली दगडाची पिठी पाण्याबरोबर खाली उतरते आणि भोकापाशी थापून बसते. दाणा हवा ३ ते ५ मिमीचा. आधी डासांच्या जाळीवर चाळून पिठी काढा, मग मोठे खडे वेचून बाजूला काढा आणि बादलीत पाणी नितळ येईपर्यंत खळबळून धुवा. हे धुणं टाळलंत तर बाकी मेहनत वाया.

आपल्याकडची काळी खडी बेसाल्टची, ती उत्तम. संगमरवराचे चिप्स नकोत. त्यांनी मातीचा सामू (पीएच) वाढतो, झाडाला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शंका आली तर दगडावर व्हिनेगर टाका. फेसाळला तर चुना आहे. समुद्राची वाळूही नको, मीठ असतं.

तळाशी थर अजिबात देऊ नका. वरचं बारीक मिश्रण पाण्याने पूर्ण भरल्याशिवाय पाणी खालच्या जाड खडीत उतरत नाही. म्हणजे ओला पट्टा उलट वर, मुळांजवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. खडी सगळ्या मिश्रणात हवी.

गच्चीबाग: प्रमाण? घरची काळी माती आहे, तिच्यात मिसळू का?

वाफा: काळी माती या कुंडीत नकोच. तिच्यात पाव भाग खडी घातली तरी चिकण कण मधल्या फटी बुजवतात. दाण्याला दाणा टेकला तरच पोकळी राहते, म्हणून खडीसारखा माल निम्म्याहून जास्त लागतो. मापाने १० डबे धरा: धुतलेली खडी ४, तेवढ्याच आकाराचे विटांचे तुकडे ३, चाळलेलं कंपोस्ट २, लाकडी कोळशाचा चुरा १. वीट थोडं पाणी धरते, नाहीतर मे महिन्यात झाड सुकतं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पावसाळ्यात टाळा.

मुरूम: +१. फक्त गच्चीवरचं वजन बघा, लिटरभर खडी साधारण दीड किलो भरते. परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे पांढरे दाणे) हलकं, पण मोठ्या सरीत तरंगून वाहून जातं.

लावताना मुळं तुटली तर जखमा सुकेपर्यंत, पाच-सात दिवस, झाड सावलीत कोरडं ठेवा. मग भरपूर पाणी घाला: अर्ध्या मिनिटात वरचं पाणी उतरायला हवं. साचलं तर पिठी राहिली आहे, परत उपसून धुवा.