महापूर क्लायमेट चेंजमुळं की आपल्याच करणीमुळं? कट्ट्यावर भांडण पेटलंय, कोणीतरी मिटवा

गंगावेशकर
मंडळी, इथं कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर सरळ दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते २०१९ आणि २०२१ चा महापूर म्हणजे क्लायमेट चेंजच, दुसरी म्हणते कसलं डोंबलाचं क्लायमेट चेंज, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं पाणी अडवलं आणि इकडं बिल्डरनी नदी भरून काढली, विषय कट. त्यात आमचे एक चुलते, ते दोन्ही पार्ट्यांना मोडीत काढतात. त्यांचं म्हणणं हवामान कायमच बदलत आलंय, दुर्गादेवीच्या दुष्काळात कुठं ट्रक आणि कारखाने होते, हे सगळं सूर्याचं चक्र आहे, फिरलंय तसं परत फिरणार. मला वाटतं काहीतरी नक्की बदललंय, पण नुसतं वाटतंय म्हटलं की काका पुरावा मागतात, आणि माझी बोलती बंद. तर माणसामुळंच तापमान वाढतंय हे नेमकं कशावरून ठरवलं, आणि त्याचा आपल्या पंचगंगेशी संबंध किती? व्हॉट्सॲप फॉरवर्ड नकोत, ते काकांकडं माझ्या आधी येतात.

मळीचं_रान
काका बराबर बोलत्यात. १९८९ ला पूर आलता, २००५ ला आलता, आमच्या आज्यानं तर त्याच्याबी आधीचं सांगिटलंय. नदीकाठाला ऱ्हायचं म्हटल्यावर पाणी येणारच, मळी, म्हंजी नदीकाठची गाळाची जमीन, तयार झाली ती पुरानंच की. फरक एवढाच, पयला पाणी यायचं, बसायचं आन गाळ टाकून जायचं, आता आलेलं पाणी हालतच न्हाई. २०१९ ला ऊस पोंग्याच्या, म्हंजी शेंड्याच्या कोंबाच्या, वर बुडला, पोंगा कुजला की त्या उसात काय ऱ्हातंय सांगा. आन पाणी हालत न्हाई ते काय कार्बनमुळं व्हय? खाली अलमट्टी हाय म्हणून. आता तिची उंची ५१९ वरनं ५२४ मीटर करायला निघाल्यात. ह्याच्यावर बोला, ध्रुवावरचं बर्फ मागनं बघू.

भूगोलवाल्या_बाई
गंगावेशकर, हवामान पूर्वीपासून बदलत आलंय हे काकांचं खरंच आहे, पण प्रत्येक वेळी त्याला काहीतरी कारण होतं आणि ते शोधता येतं. पृथ्वीच्या कक्षेची, आसाच्या कलाची चक्रं असतात, ती हजारो वर्षांची, दीडशे वर्षांत एक अंशाच्या वर वाढ त्यातून निघत नाही. सूर्याचं म्हणाल तर १९७० च्या दशकाच्या शेवटापासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजतायत. अकरा वर्षांचा चढउतार दिसतो, चढती कमान दिसत नाही. आणि मला वर्गात सांगायला सगळ्यात आवडणारा पुरावा म्हणजे, सूर्य जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापायला पाहिजे होतं ना, प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा स्ट्रॅटोस्फियर थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला की असंच व्हायला पाहिजे.

तो वाढीव कार्बन कुठला हे पण ओळखता येतं. आपल्या कारखान्यात चिपाड जळतं त्यातला कार्बन उसानं वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला, तो फिरून हवेत गेला, हिशोब बरोबर. कोळसा आणि डिझेलमधला कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला, त्याची जात वेगळी, हवेचा नमुना तपासला की ही जुनी भर कळते. कारखानदारीच्या आधी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइड २८० च्या आसपास होता, आता ४२० च्या वर. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेवरून मागची ८ लाख वर्षं तपासलीत, तेव्हा तो ३०० च्या फारसा वर कधी गेलाच नाही. ज्वालामुखी म्हणतील काका, तर ते माणसाच्या एक टक्कासुद्धा सोडत नाहीत. आणि ही काय कालची टूम नाही, स्वांते अऱ्हेनियसनं याचं गणित १८९६ मध्ये मांडलं, तेव्हा शाहू महाराजांना गादीवर येऊन दोनच वर्षं झाली होती.

शिरोली_नाका
@मळीचं_रान, भावा, अलमट्टीवर राग माझा पण आहे पण उंची बघ की जरा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी नदी समुद्रसपाटीपासून ५३० मीटरच्या वर आहे, अलमट्टी काठोकाठ भरलं तरी ५१९.६०. कोल्हापूर शहरापर्यंत त्याचा फुगवटा, म्हणजे मागं तुंबणारं पाणी, चढणार कसा? शिरोळ, नृसिंहवाडीकडं निचरा मंदावतो का हा वाद वेगळा आहे आणि तो जरूर घाला, उंची वाढवायच्या विरोधात सही करायला मी पण येतो. पण २०१९ नंतर जी वडनेरे समिती नेमली तिनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही, धो धो पाऊस आणि नदीकाठची अतिक्रमणं यावर बोट ठेवलंय.

आता आपलं घरचं बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्यांचं पाणी एका चिंचोळ्या पात्रात येतं आणि त्याला आडवे आपण रस्त्याचे भराव घातलेत. पूल बांधायचा तर मोऱ्या ठेवून दोन्हीकडं भराव टाकायचा, स्वस्तात काम. पाणी पसरायची जागा गेली की उंची वाढणार, त्याला शास्त्रज्ञ लागत नाही.

मळीचं_रान
समिती सरकारी, धरणं सरकारी, ऱ्हाऊ दे. ते मीटरचं मात्र बघतो. पण पाऊस वाढलाय म्हणता तर आमच्यात जूनात धूळवाफ केलेला, म्हंजी पावसाआधी कोरड्यात पेरलेला, भात आभाळाकडं बघत बसतोय त्याचं काय?

भूगोलवाल्या_बाई
तेच तर. वर्षाचा एकूण पाऊस वाढलाय असं मी म्हणतच नाही. हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते, आणि अरबी समुद्र तापतोय त्यामुळं वाफेला तोटा नाही. म्हणून मधी उघडीप लांबते आणि पडायला लागला की एकदम ओततो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या टीमनं २०१७ मध्ये मांडलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आणि २२-२३ जुलै २०२१ आठवतंय का, महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर. त्या एका दिवसावर शिक्का मारून मोकळं होता येत नाही, पण असे दिवस वाढतायत.

गंगावेशकर
बाई, स्ट्रॅटोस्फियरचं काकांना आत्ताच वाचून दाखवलं. म्हणतात वर जाऊन मोजलं कुणी?

भूगोलवाल्या_बाई
फुग्यांनी. हवामान खातं यंत्र बांधून फुगे सोडतं, जगभर रोज सोडतात, कित्येक दशकं. वर उपग्रह आहेतच.

पुण्यातला_कोल्हापुरी
सगळं मान्य पण भोगायचं आम्हीच का? भारतात माणशी वर्षाला दोन टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत चौदाच्या आसपास, आणि आधीच्या दीडशे वर्षांचं तर विचारूच नका. तिकडचे एसी आणि इकडं आमच्या आईबाबांना गच्चीवरून बोटीत उतरवायचं. लाज वाटायला पाहिजे तर त्यांना, उसवाल्याला कशाला.

कुंभारगल्ली
मी सगळं वाचलं. शास्त्र बाईंचं, ते मला पटलंय, पण एक बोलणार. पाणी आलं की आमच्या गणपतीच्या मूर्ती भिजतात, ऐन सीझनच्या तोंडावर, रंग द्यायच्या राहिलेल्या मूर्तीचा लगदा होतो, कर्ज डोक्यावर. आणि पूर ओसरला की साहेब लोक येतात आणि म्हणतात काय करणार, क्लायमेट चेंज. म्हणजे अमेरिकेत जाऊन भांडा. आमच्या मागं वीस ट्रक मुरूम पडून प्लॉट झाला तो काय अमेरिकेनं टाकला? बिल्डर, परवानगी देणारे, सगळ्यांना हे कारण लई सोयीचं पडलंय. पाऊस वाढणार हे माहिती आहे ना, मग भराव आधी बंद पाहिजे, उलट आहे सगळं.

शिरोली_नाका
+१०० कुंभारगल्ली. ब्लू लाईन म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, रेड लाईन १०० वर्षांतल्या. ह्या रेषा मागच्या नोंदींवरून काढतात. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, आणि दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा पाणी ५५ च्या वर गेलं. पाऊसच बदलला तर जुन्या नोंदींची रेषा घेऊन करायचं काय? आणि आपली भांडणं चाललीत ती रेषा अजून नदीकडं सरकवून घेण्यासाठी. कट्ट्यावरच्या दोन्ही पार्ट्यांना एवढंच सांगा, पाऊस किती येणार ते हवेवर आणि पाणी कुठं चढणार ते भरावावर, यात एक निवडायचं कारणच नाही.

मळीचं_रान
ते सात टक्क्याचं पटलं बाई. आता कामाचं सांगा. आमची आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात, म्हणजे नेमकी पुराच्या तोंडात, कोंब बुडून जातोय. मळीत काय करायचं?

शिरोली_नाका
आमच्या पाहुण्यांनी नदीकाठच्या रानात पूर्वहंगामी चालू केलंय, ऑक्टोबर-नोव्हेंबरला लागण. पुढच्या ऑगस्टपर्यंत ऊस डोक्याच्या वर जातो, त्यामुळं पोंगा पाण्याच्या वर राहायची आशा तरी असते. आडसाली वरच्या रानात न्यायची.

मळीचं_रान
आन तोड? कारखान्याची टोळी टायमाला आली न्हाई तर नुसता वाळतोय फडात. पाहुण्यांना इचारून सांगा तोड कवा मिळाली ते.