‘संस्कार’ या उत्तराच्या पुढे चर्चा कशी न्यावी?

वस्तीवाचनालय:
नागपुरात आमच्या वस्तीच्या वाचनालयात 16 ते 20 वयाच्या 15 मुलामुलींसाठी चार रविवार ठरलेत, दर वेळी दीड तास. विषय असा: आपल्याला बरोबर-चूक वाटतं ते आलं कुठून, आणि त्यातलं आपलं म्हणून किती धरायचं. ‘घरचे संस्कार’ एवढं उत्तर आलं की पुढे कोणी बोलत नाही. पहिल्या दिवशी नेमकं काय करून घ्यावं? प्रवचन नको आहे.

कोऱ्या_चिठ्ठ्या:
‘तुमची तत्त्वं लिहा’ असं सांगू नका. खरं बोलावं, मोठ्यांचा मान राखावा, हेच कागदावर येईल. शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला तेच लिहून हात बसलेला असतो. प्रत्येकाला 5 कोऱ्या चिठ्ठ्या द्या. एका चिठ्ठीवर एकच वाक्य, ‘कोणी पाहत नसलं तरी मी हे करणार नाही’ या धाटणीचं. 15 मिनिटं, नाव लिहायचं नाही. मग चिठ्ठी उलटी करून तीन उत्तरं: हे आधी कोणाकडून कळलं? मोडलं तर काय वाटेल, भीती, लाज की अपराधी? आणि ज्यांनी शिकवलं तेच उद्या म्हणाले ‘चालतं, कर’, तर कराल?

खरा कस तिसऱ्या प्रश्नाचा. इलियट ट्युरिएल या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकापासून लहान मुलांना असंच विचारलं. बाईंनी परवानगी दिली तर शाळेत गणवेश न घालणं चालेल, पण दुसऱ्याला मारणं तरीही वाईटच, असा फरक अगदी लहान मुलंही करतात. म्हणजे सगळंच ‘मोठ्यांनी सांगितलं म्हणून’ नसतं.

रामटेककर:
कोऱ्या चिठ्ठ्या, पद्धत छान आहे, पण तिसऱ्या प्रश्नावर सगळा भार टाकू नका. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वरमध्ये केलेल्या कामात (1987) हा फरक इतका स्वच्छ निघाला नाही. वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हे तिथल्या लोकांना फार गंभीर पाप वाटलं, आणि कोणी परवानगी दिल्याने ते पुसलं जाईल असंही वाटलं नाही. आपल्याकडेही सुतक, विटाळ, कोणाच्या घरचं पाणी प्यायचं, हे सगळं तिसऱ्या प्रश्नात ‘नाही, तरीही करणार नाही’ म्हणून पास होईल. मनात घट्ट बसलंय एवढ्याने ते योग्य ठरत नाही. म्हणून चौथा प्रश्न हवाच: हे पाळल्याने कोणाचं काय जातं? ज्याचं जातं, त्याला विचारलंय का?

दुसऱ्या रविवारी बाबासाहेबांनी केलेला नियम आणि तत्त्व यांतला भेद घ्या. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी 1936 साली लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात तो आहे. नियम काय करायचं ते आखून देतो आणि माणूस सवयीने ते करतो. तत्त्व म्हणजे पारखण्याची रीत. ते चुकीचं असू शकतं, पण त्यावरची कृती समजून-उमजून आणि आपल्या जबाबदारीवर केलेली असते. आपल्या गावात तर याचं जिवंत उदाहरण आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर घेतलेल्या पंचशीलातलं प्रत्येक शील ‘समादियामि’ ने संपतं: मी स्वीकारतो. ‘करू नकोस’ असं कोणी वरून बजावत नाही. मुलांना पाचपैकी एक चिठ्ठी ‘मी स्वीकारतो’ अशी पुन्हा लिहायला सांगा. कुठलं वाक्य तसं लिहिताना पेन अडतं, ते त्यांचं त्यांना कळेल.

घाईचा_चौक:
मूळ शोधण्यात चारही रविवार घालवू नका जी. पोट्ट्यांना हेही कळू द्या की तत्त्व पक्कं असूनही माणूस घाईत असला की पाय थांबत नाहीत. डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनमध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या 40 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला (1973). वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. वेळ असणाऱ्यांपैकी 63 टक्के थांबले, फार उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी 10 टक्के. दया या विषयावरच बोलायला निघालेले काही होते, त्यानेही लक्षणीय फरक पडला नाही.

म्हणून तिसऱ्या रविवारी ‘मी मदत करीन’ हे वाक्य फोडून घ्या: कुठे, कधी, पहिली कृती कोणती. ‘वर्धा रोडवर कोणी पडलेलं दिसलं, तर गाडी बाजूला लावून आधी 108 ला फोन करीन.’ पुष्कळ जण पोलिसांच्या भानगडीला भिऊन थांबत नाहीत, तर ती भीतीही तिथेच काढा: मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेल्या कलम 134अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, आणि नाव-पत्ता सांगायची त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

वस्तीवाचनालय:
चौथा प्रश्न घेतोच. चिठ्ठ्या गोळा करून मोठ्याने वाचल्या तर?

कोऱ्या_चिठ्ठ्या:
नको. खाण्यापिण्याच्या, सणाच्या एका वाक्यावरून घर ओळखू येतं, जातही. बोलायचं असेल ते पोर स्वतःहून बोलेल. तुम्ही मध्ये ठेवायला 6 प्रसंग आधीच लिहून न्या: दुकानदाराने जास्त सुटे परत दिले, परीक्षेत मित्राने मागून विचारलं, असे. चिठ्ठ्या ज्याच्या त्याने घरी न्यायच्या आणि चौथ्या रविवारी आपल्या आपण पुन्हा वाचायच्या.