सरड्याचा मेंदू आपल्या आत नाही

मेंदूबद्दल दोन गोष्टी अनेकदा ऐकू येतात: राग आला की आपल्या आतला 'सरड्याचा मेंदू' ताबा घेतो, आणि चेतापेशींची जोडणी कळली की वागणं कळेल. पहिली कल्पना मजेशीर आहे, पण मेंदूशास्त्रज्ञ पॉल मॅक्लीन यांचं हे तीन मजली मेंदूचं चित्र (तळाला सरड्याचा मेंदू, वर नवे मजले) आज उत्क्रांतीचे अभ्यासक मानत नाहीत. मजल्यावर मजले चढलेच नाहीत. जुनाच आराखडा ताणला, वळवला गेला. लॅम्प्रे या बिनजबड्याच्या जलचराची वाट आपल्यापासून सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, तरी कोणती हालचाल करायची आणि कोणती रोखायची हे ठरवणारी बेसल गँग्लिया (मेंदूच्या आतले चेतापेशींचे पुंजके) त्याच्याकडेही आहेत.

राहिली दुसरी गोष्ट, 'जोडणी कळली की वागणं कळेल'. सी. एलेगन्स या जेमतेम १ मिलिमीटरच्या कृमीत ३०२ चेतापेशी. त्यांच्या जोडणीचा नकाशा १९८६ मध्येच छापून आला. तरी कृमी आता कुठे वळेल हे नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही, कारण पेशींभोवती पाझरणारी रसायनं त्याच जोडणीकडून निराळं काम करवून घेतात. भुकेला कृमी आणि पोट भरलेला कृमी: वायरिंग तेच, वागणं वेगळं. (आपल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींचं तर बोलायलाच नको!)