स्मरणिका पान 14 : राज्याभिषेकाचा आकडा नक्की कोणता टाकायचा?

प्रेषक: अण्णा (सोलापूर)

मंडळी, प्रेसवाल्याचा सकाळपासून दुसऱ्यांदा फोन. दुसरा फर्मा उद्या संध्याकाळी मशीनवर चढतोय आणि पान 14 ची चौकट अजून रिकामी आहे. लेख बसलाय, शीर्षक बसलंय ("महागाईत राज्याभिषेक: लोकांना काय वाटतं"), फक्त ब्रिटनच्या राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकाला तिथल्या सरकारचा खर्च किती झाला ती एक ओळ अडकलीय. नानांनी 5 कोटी 3 लाख पौंड कळवलंय, पिंटूने 7 कोटी 20 लाख, आणि ग्रुपवर कुणीतरी 25 कोटी टाकलंय त्याला कसलाच आधार नाही. प्लेट निघाली की बदल नाही, नवीन प्लेट म्हणजे नवीन पैसे, दिवाळी अंकाला झालं तसं परत होऊ देणार नाही. एकच आकडा सांगा की ओ.

प्रेषक: नाना (स्लाव)

अण्णा, 5 कोटी 3 लाख. सांस्कृतिक खात्याचा खर्च तेवढाच आहे आणि सोहळा त्याच खात्याने केला. पोलीस बंदोबस्त त्यात मिसळू नका, फुटबॉलच्या फायनलला बंदोबस्त लागतो तो काय कुणी कपाच्या खर्चात धरतं का. पान 14 माझ्याकडे आहे हे मागच्या मिटींगमध्ये ठरलंय, मिनिट्स बघा. ही स्मरणिका आपण इथे महापौरांना देतो, लायब्ररीत ठेवतो, ज्या देशात राहतो तिथल्या राजाचा सोहळा म्हणजे नुसती उधळपट्टी असा सूर मला नको. ब्रिटनची वस्ती पावणेसात कोटीच्या वर, म्हणजे सगळं धरलं तरी डोई एक पौंड पडतो. एवढ्यावर दोन पानं लिहायची काय गरज हे मी तेव्हाच विचारलं होतं.

प्रेषक: पिंटू (मँचेस्टर)

नानाकाका, आकडा मी बनवला नाही, सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये दोन्ही रकमा एकत्रच जाहीर केल्यात. सांस्कृतिक खातं 5 कोटी 3 लाख, पोलिसांसाठी गृहखातं 2 कोटी 17 लाख, बेरीज 7 कोटी 20 लाख. आणि तुमच्याच लेखात वरच्या परिच्छेदात राणीच्या अंत्यविधीचे 16 कोटी 17 लाख दिलेत, त्यात गृहखात्याचे 7 कोटी 37 लाख धरलेले आहेत. मग वरच्या ओळीत पोलीस धरायचे आणि खालच्या ओळीत सोडायचे, हे कसं चालेल? वाचणारा दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघणार. एकतर दोन्हीकडे धरा नाहीतर दोन्हीकडून काढा.

डोई एक पौंड हे पण मला पटत नाही. प्रश्न पौंडाचा नाहीये, तो पौंड कोणी कोणाला न विचारता घेतला याचा आहे. एप्रिल 2023 मध्ये यूगव्ह या जनमत चाचणीवाल्या संस्थेने विचारलं की राज्याभिषेकाचा खर्च सरकारने करावा का, 51 टक्के लोक नको म्हणाले, 32 टक्के हो. 18 ते 24 वयाचे 62 टक्के नको म्हणाले. त्यांना राजा नको होता असं नाही, विचारलं ते फक्त पैशाबद्दल. बरं नवीन राजा बसवायला एवढं लागतंच असंही नाही. डेन्मार्कमध्ये 14 जानेवारी 2024 ला फ्रेडरिक राजा झाला, मुकुट नाही, चर्चमधला अभिषेक नाही, पंतप्रधानांनी बाल्कनीतून जाहीर केलं आणि झालं. खाली गर्दी तरीही मावत नव्हती.

प्रेषक: वहिनी (लेस्टर)

मी आकड्यात पडत नाही पण पिंटू म्हणतो तसं दोन तट नव्हते रे, निदान आमच्या गल्लीत तरी नव्हते. त्या वसंतात खाण्यापिण्याची महागाई 19 टक्क्यांवर गेलेली, काकडी टोमॅटो मिळेनात, चीज घेताना आधी किंमत बघायची सवय लागली, आमच्या हॉस्पिटलमध्ये नर्सेसचा संप एप्रिल संपता संपता झाला आणि पुढच्याच शनिवारी 6 मे ला सोहळा. संपात माझ्याबरोबर उभी असलेली बाई त्या शनिवारी सकाळपासून टीव्हीसमोर डोळे पुसत होती आणि दुपारी स्ट्रीट पार्टीला केक घेऊन आली. तिला विचारलं तर म्हणे बघायला आवडलं पण बिल त्यांनी भरायला हवं होतं, त्यांच्याकडे कमी आहे का. ही एकाच बाईची दोन मतं आहेत आणि दोन्ही खरी आहेत, चाचणीत ती "नको" मध्ये गेली असेल. लेखात हे यायला पाहिजे, नुसते टक्के टाकलेत तर असं वाटतं की 51 टक्के लोक घरी दारं लावून बसले होते.

शेजारच्या आजी 1953 चं सांगत होत्या, तेव्हा साखर अजून रेशनवर होती आणि एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी प्रत्येकाला एक पौंड साखर जादा मिळाली, त्यांच्या आईने त्याचा केक केला तो त्यांना आजही आठवतो. 1947 ला एलिझाबेथच्या लग्नाच्या वेळी तर कापडही कुपनवर होतं, सरकारने तिला 200 जादा कुपनं दिली आणि देशभरच्या बायकांनी आपापली कुपनं पोस्टाने पाठवून दिली. कुपन दुसऱ्याला देणं बेकायदा होतं म्हणून ती सगळी परत करावी लागली. युद्धातून उठलेल्या, स्वतःला कोट शिवायला कापड नसलेल्या बायका. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे लोकांना राग येतो तो सोहळ्याचा नाही, माझं मत आहे की आपल्याला धरलंच नाही याचा येतो.

प्रेषक: ताई (विजापूर रोड)

वहिनी साखरेचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे गड्ड्याला, सिद्धेश्वरांच्या यात्रेला, असंच असतं, नंदीध्वज निघतात तेव्हा अख्खं सोलापूर पांढऱ्या कपड्यात रस्त्यावर असतं, पाणी चार दिवसाआड आलेलं असतं तरी कुणी खर्चाचं काढत नाही. मोठा सोहळा म्हटला की खर्च येणारच. तुम्ही लोक तिकडे जाऊन फार हिशोबी झालात.

प्रेषक: पिंटू (मँचेस्टर)

ताई, गड्ड्याला कोण किती देतं ते ज्याचं त्याचं. बाबांनी यंदा दिले, गेल्या वर्षी हात आखडता होता तर दिले नाहीत, कुणी काही बोललं नाही. माझ्या पगारातून टॅक्स कापून घेताना असं विचारत नाहीत. एवढाच फरक आहे आणि तो मोठा आहे.

प्रेषक: ताई (विजापूर रोड)

बरं. पण महापालिकेचे रस्ते, लाइट, पोलीस तेव्हाही असतातच ना. ते कोण देतं?

प्रेषक: नाना (स्लाव)

ताईंचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तेच म्हणतोय, बंदोबस्त हा सोहळ्याचा खर्च नव्हे. आणि जमेची बाजू कुणीच घेत नाही. हॉटेलं भरली, पब भरले, जगभर टीव्हीवर लंडन दिसलं. राणीला शेवटचं बघायला अडीच लाख लोक रात्र रात्र रांगेत उभे राहिले, त्यांना कुणी पैसे देऊन आणलं नव्हतं, तेही जनमतच आहे. मी स्वतः थेम्सच्या काठाने चाललोय, पायाला फोड आले, आणि मला त्याचा अभिमान आहे. या देशाने मला घर दिलं. तिच्या अंत्यविधीला खर्च झाला तर माझ्या टॅक्समधून खुशाल व्हावा.

प्रेषक: बापू (होटगी रोड)

शिवजयंतीच्या त्या मेलनंतर मी या लिस्टवर लिहायचं बंद केलं होतं, पण सोलापुरात छापतोय म्हणून बोलतो. सोलापूरच्या पैशानेही एक राजसोहळा झालाय, त्याची एक ओळ पान 14 वर पाहिजेच.

1 जानेवारी 1877, दिल्ली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करायला दरबार भरवला. संस्थानिक, हत्ती, तोफा, मेजवान्या. आणि 1876 चा पाऊस गेलेला, दख्खनेत दुष्काळ लागलेला, त्यात आपला जिल्हा सगळ्यात जास्त पोळलेल्यांपैकी. तो खर्च लंडनने केला नाही, हिंदुस्थानच्या तिजोरीतून झाला, म्हणजे ज्याची ज्वारी करपली त्याच्याही शेतसाऱ्यातून. त्याच जानेवारीत सर रिचर्ड टेंपलला दुष्काळाची पाहणी करायला पाठवलं आणि त्याने दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी आणली दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आण्यावर. वहिनींच्या आजींना सणाला एक पौंड साखर जादा मिळाली ना, इथे दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला सबंध दिवसाचं धान्य एक पौंड, अर्धा किलोसुद्धा नाही. दख्खनेत ठिकठिकाणी लोकांनी ती मजुरी नाकारून कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. मोहोळकडच्या आष्टी तलावाच्या बांधावरून आपण सगळे गेलेलो आहोत, तो दुष्काळी कामाचाच तलाव आहे.

जनमत चाचणी नव्हती म्हणून जनमत नव्हतं असं समजू नका. त्याच दरबाराला सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी गेले, सार्वजनिक काका, अंगावर स्वतः कातलेल्या सुताची खादी. तिथे त्यांनी मागणी ठेवली की ब्रिटिश प्रजेला जो दर्जा तोच हिंदी माणसाला द्या. पुढे 1903 ला कर्झनने परत दरबार भरवला, तोही 1899-1900 च्या दुष्काळावर, आणि त्या वर्षीच्या मद्रास काँग्रेसमध्ये अध्यक्ष लालमोहन घोष यांनी भर भाषणात त्या थाटावर झोड उठवली. पिंटू जे म्हणतोय की न विचारता घेतलं, ते आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी म्हणून झालंय. नानांना लंडनच्या राणीबद्दल जे वाटतं त्याचा मी मान राखतो, पण हे गाळून पान 14 छापलं तर मला ते मान्य नाही.

प्रेषक: नाना (स्लाव)

बापू, सार्वजनिक काकांबद्दल वाद नाही. पण लेख आजच्या ब्रिटनमधल्या जनमतावर आहे, 1877 वर नाही. इतिहासाची पानं ताईंकडे आहेत, 22 पासून पुढे. तिथे टाका, मी अडवणार नाही.

प्रेषक: अण्णा (सोलापूर)

दरबाराचं निघालंच आहे तर सांगतो. आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत 1911 च्या दरबाराचा बिल्ला आहे, शाळेत वाटला होता. एका बाजूला पंचम जॉर्ज आणि राणी, वर अडकवायला कडी, कडीपाशी झिजून पितळेसारखं पिवळं दिसतं. आजोबा सांगायचे, गुरुजींनी रांगेत उभं करून बिल्ला आणि पेढा दिला आणि त्याच आठवड्यात फी थकली म्हणून दोन पोरांना वर्गाबाहेर काढलं, बिल्ला छातीवर तसाच. आजोबांनी तो कधी लावला नाही आणि कधी टाकलाही नाही. त्या दरबारासाठी राजाला वेगळा मुकुट घडवला, 60,000 पौंडांचा, तेही पैसे हिंदुस्थानचेच आणि मुकुट मात्र लंडनला. बिल्ल्याचा फोटो काढून प्रेसला दिलाय, पान 15 वर खाली दोन इंच जागा आहे तिथे बसतो. नाना, 15 तुमच्याकडे नाही, 15 रिकामंच होतं.

आता आकडा. प्रेसमध्ये उभा आहे. रुपयात पण टाकायचं का, डीटीपीवाला विचारतोय.

प्रेषक: पिंटू (मँचेस्टर)

रुपयात नको अण्णाकाका. कुठल्या तारखेचा दर धरायचा यावर अजून दोन दिवस जातील. 100 चा पौंड धरला तर 720 कोटी होतात पण दर तेव्हाही त्याच्या वरच होता.

एकच आकडा टाकायचा हट्ट सोडूया का? मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच आहे. लोकांना मत विचारलं एप्रिल 2023 मध्ये, सोहळा मे मध्ये, आणि खर्च सांगितला नोव्हेंबर 2024 मध्ये. दीड वर्षानंतर. म्हणजे 51 टक्के आणि 32 टक्के, दोघांनीही बिल न बघता मत दिलं. चौकटीत या तीन तारखा हव्यातच, त्याशिवाय टक्क्यांना अर्थ नाही. 1831 मध्ये चौथ्या विल्यमच्या वेळी तरी सोहळ्याच्या आधीच खर्चावर भांडण झालं होतं, त्याच्या भावाने, चौथ्या जॉर्जने, 1821 ला 2,38,000 पौंड उडवले होते म्हणून मेजवानी रद्द केली आणि खर्च 43,000 च्या आसपास आणला. आधी बोललं की कमी होतो, हे तेव्हाच दिसलंय.

प्रेषक: वहिनी (लेस्टर)

तारखांचं एकदम पटलं. मला स्वतःला तो आकडा कधी आला ते कळलंही नव्हतं, तेव्हा कुणाच्या लक्षात होता राज्याभिषेक. नाना, पोलीस वेगळ्या ओळीत दाखवले तर तुमची हरकत राहते का?

प्रेषक: नाना (स्लाव)

वेगळ्या ओळीत असतील तर चालेल. सोहळ्याचा खर्च वेगळा दिसला पाहिजे एवढंच माझं होतं. मग अंत्यविधीलाही पोलीस वेगळे दाखवा. आणि रांगेतले अडीच लाख लोक लेखातून कापू नका, जागा नाही म्हणून पहिली कात्री तिथेच लागते हे मला माहितेय.

प्रेषक: अण्णा (सोलापूर)

हे लावलंय, प्लेटला जातंय:

"राज्याभिषेक, 6 मे 2023. सांस्कृतिक खाते 5 कोटी 3 लाख पौंड, पोलीस 2 कोटी 17 लाख, एकूण 7 कोटी 20 लाख. सरकारने जाहीर केले नोव्हेंबर 2024 मध्ये. सरकारने खर्च करावा का, हे लोकांना विचारले एप्रिल 2023 मध्ये: नको 51 टक्के, हो 32 टक्के. राणीचा अंत्यविधी, सप्टेंबर 2022: एकूण 16 कोटी 17 लाख, पैकी गृहखाते 7 कोटी 37 लाख."

रांग लेखात आहे, हात लावला नाही. लिटनचा दरबार आणि टेंपलची मजुरी पान 15 वर बिल्ल्याच्या शेजारी, बापू, तुमचा मजकूर 120 शब्दात बसवून रात्री नऊच्या आत पाठवा, आष्टी तलाव ठेवा.

प्रेषक: बापू (होटगी रोड)

पाठवतो. सार्वजनिक काकांची खादी कापायची नाही, बाकी काहीही कापा.

प्रेषक: ताई (विजापूर रोड)

मग माझ्या पान 22 वर आता दरबार नाही ना? तिथे मी सोलापूरच्या 1930 च्या मार्शल लॉचं आणि चार हुतात्म्यांचं लावलंय, ते हलवायचं नाही. अण्णा कळवा.