मदत हवी आहे: गळती मॉनिटरला प्लग ठेवायचा की डायरेक्ट वायर?

वाडीकर
पेट्रोल पंपावरचा टाकीगळतीचा कन्सोल (सेन्सर वाचून गळतीचा अलार्म देणारा डबा) दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सर्व्हिसवाला म्हणतो प्लग काढून डायरेक्ट वायर टाका. मालक म्हणतात भिंत फोडायची नाही. कोण बरोबर? उद्या सकाळी काम लावायचं आहे.

तारमिस्त्री
कन्सोल कुठे आहे? सॉकेट यूपीएसवर की सरळ मेनवर? त्या बोर्डावर अजून काय चालतं? डिस्पेन्सर (पेट्रोल भरायचं मशीन) स्वतः खेचणारे, म्हणजे सक्शनचे, की टाकीत बुडालेली सबमर्सिबल मोटर?

वाडीकर
ऑफिसात भिंतीवर. बाकी नेहमीसारखंच आहे हो, प्लग की वायर एवढंच सांगा.

फ्यूज_उडाला
प्लगच ठेवा. कन्सोल बदलायचा झाला तर दोन मिनिटांत मोकळा होतो. पिन ढिली असेल तर ६ अँपिअरचं नवीन सॉकेट बसवा, झालं.

तारमिस्त्री
कन्सोल मोकळा करायला एमसीबी पाडला की पुरे, त्याला प्लग कशाला? पिन ढिली होणं ही लहान गोष्ट. कोणी चार्जर लावायला प्लग उपसला की कन्सोल रात्रभर मुका. बहुतेक कन्सोलमधली बॅटरी फक्त घड्याळ आणि मेमरी सांभाळते, सेन्सर वाचत नाही. बंद कन्सोल ओरडत नाही, म्हणजे गळती असो-नसो, दिसायला सारखंच.

संत्राबर्फी
नवीन पंप असेल तर शाळा, दवाखाना, वस्तीपासून ५० मीटर अंतर बघा. अडचण असली तरी ३० च्या आत चालत नाही. केंद्रीय प्रदूषण मंडळाचा २०२० चा नियम आहे.

वाडीकर
भाऊ, पंप जुना आहे. अंतर कोणी विचारलं? आणि हो, त्याच एक्स्टेंशनवर कूलर आहे. दुपारी जास्त होतं.

तारमिस्त्री
हे आधी सांगायचं नं! मोटर सुरू होताना बोर्डावरचा व्होल्टेज पडतो आणि कन्सोल रीसेट होतो. आजच कूलर दुसऱ्या लाइनवर टाका. रीसेट थांबले तर कारण सापडलं, पण म्हणून प्लग ठेवू नका.

डिप_रॉड
गळतीचा अलार्म की स्टॉकची तूट, ते वेगळं करा. १०,००० लिटर पेट्रोल एका अंशाने गार झालं तरी दहाएक लिटर कमी दिसतं. आणि मोजकाठीला पाण्याची पेस्ट (पाणी लागलं की रंग बदलते ती) लावून टाकीत डिप घ्या, इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर तळाला वेगळा थर बसतो.

फ्यूज_उडाला
डायरेक्टच करायचं तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) घाला.

तारमिस्त्री
घाला, पण तो फक्त कन्सोलचा असावा. सगळ्या ऑफिसचा एकच ठेवला तर फ्रिजच्या गळक्या करंटने पडेल आणि कन्सोल पुन्हा मुका.

वाडीकर, काम असं करा. यूपीएसच्या डीबीतून (वितरण बोर्डातून) स्वतंत्र लाइन काढा: ६ अँपिअरचा सी-कर्व्ह (सुरुवातीच्या झटक्याला सहज न पडणारा) डबल-पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, १.५ चौरस मिमी तांब्याची तीन कोअर वायर. भिंत फोडायची गरज नाही, वरून पीव्हीसी केसिंग चालतं. एमसीबीला लॉक लावा आणि ‘गळती मॉनिटर, बंद करू नका’ अशी पट्टी.

सेन्सरच्या तारांना हात लावू नका. त्या इन्ट्रिन्सिकली सेफ, म्हणजे वाफ पेटेल अशी ठिणगी पडू नये इतक्या कमी ऊर्जेच्या, बहुतेक फिकट निळ्या. २३० व्होल्टची वायर त्या पाइपात किंवा त्या बाजूच्या एन्ट्रीतून आणली की संरक्षणच संपलं. दोन्हींच्या टर्मिनलमध्ये किमान ५० मिमी अंतर हवं. झेनर बॅरियर (सेन्सरकडे जादा व्होल्टेज जाऊ न देणारा भाग) असेल तर त्याची अर्थ वेगळी: ४ चौरस मिमीची एक वायर किंवा १.५ च्या दोन, मुख्य अर्थ बारपर्यंत १ ओहमपेक्षा कमी. आपल्या काळ्या मातीत मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा सुकून भेगा पडतात, मोजल्याशिवाय अर्थ चांगली समजू नका.

फ्यूज_उडाला
एवढं कोण मोजतं?

तारमिस्त्री
पेसोचं (पेट्रोल-स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचं) मुख्यालय आपल्याच नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे, तिथले विचारतील तेव्हा मोजाल. वाडीकर, शेवटी टेस्ट: एमसीबी पाडून परत लावा, तारीख-वेळ बघा, मग सम्पमधला (गळती साठते त्या खड्ड्यातला) फ्लोट सेन्सर हाताने वर उचला. अलार्म आला पाहिजे. टाकीत सबमर्सिबल असेल तर कन्सोलचा पुरवठा गेल्यावर मोटर थांबते का, तेही बघा. मोटर चालू राहिली तर रिलेची (कन्सोलच्या इशाऱ्यावर मोटर तोडणाऱ्या स्विचची) जोडणी चुकलेली आहे.

वाडीकर
सबमर्सिबलच आहे. कन्सोल बंद असताना पेट्रोल चालूच राहतं.

तारमिस्त्री
मग सर्व्हिसवाल्याला उद्याच बोलवा, केसिंगच्या आधी रिले.