‘अपराजितो’मधला चौकातला उजेड

कोणीतरी म्हटलंय की सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ सिनेमातलं बनारसचं घर खऱ्या घरात, आहे त्या उजेडात शूट केलंय. बघताना वाटतं तसंच, पण त्या घराचा चौक म्हणजे स्टुडिओत उभा केलेला सेट आहे, कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्तांचं काम! कॅमेरामन सुब्रत मित्रांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि खालून त्यावर लाइट मारून तो परतवला, म्हणून आभाळातून झिरपतो तसा मऊ उजेड पडतो, सावल्यांना धारदार कडाच नाहीत. आणि हे १९५६ साली हां.

आमच्या फोंड्याच्या जुन्या घराला राजांगण, म्हणजे मधोमध वरून उघडा चौक आहे त्यामुळे मला हे लगेच पटलं. पावसाळ्यात ढग भरून आले की तुळशीपाशी बसलेल्या काकीचा चेहरा एकसारखा उजळतो, मागची ओसरी काळोखात जाते आणि फ्रेमला आपोआप खोली येते. भर उन्हात मात्र कपाळ पांढरंफटक आणि डोळ्यांच्या जागी खड्डे. एकदा मीही वर चादर बांधून मोबाइलवर करून बघितलं, बरं जमत होतं, पण काकीनं ‘धुतलेली चादर कशाला घेतलीस’ म्हणत मधेच ओढून काढली.