वाघूळ, वटवाघूळ आणि पाकोळी

प्रश्न : मुलीच्या प्रकल्पासाठी वटवाघळांवर लिहिते आहे. या शब्दात वाघ कुठून आला? आणि हे नाव सगळ्याच जातींना चालेल का? आमच्या गावी घराच्या आढ्यातल्या लहान वाघळाला पाकोळी म्हणतात.

– वाघाचा इथे काही संबंध नाही. संस्कृतातल्या वल्गुली, वाग्गुद या शब्दांच्या कुळातला हा शब्द. गुजरातीत वागोळ आहेच. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात गूळ चोरणारा पुढच्या जन्मी वाग्गुद होतो असे म्हटले आहे. गोड फळांवर तुटून पडणारा प्राणीच तिथे डोळ्यांपुढे असणार. वट म्हणजे वड. वडा-पिंपळांवर शेकड्यांनी लोंबकळणारी, पंख पसरले की चार फुटांपर्यंत भरणारी मोठी फळखाऊ वाघळे, ती खरी वटवाघळे.

मला स्वतःला अमरकोशातला ‘अजिनपत्रा’ फार आवडतो. अजिन म्हणजे कातडे. जिचे पंख कातड्याचे ती. वाघळांच्या साऱ्या गणाचे शास्त्रीय नाव कायरॉप्टेरा, म्हणजे हात हाच पंख. लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेली कातडी असते, तेव्हा दोन्ही नावे नेमकी आहेत.

– मग सोपे झाले की. फळे खातात ती वाघळे, किडे खातात त्या पाकोळ्या.

– बोलण्यात चालेल, वर्गीकरणात नाही. एक तर पाकोळी हे पक्ष्याचेही नाव आहे. दुसरे म्हणजे नाती आपल्याला वाटतात तशी नाहीत. नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेली वाघळे किडे खातात, प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतात. तरी जनुकीय अभ्यासानुसार ती फळखाऊ वाघळांच्या शाखेत येतात. भिंतीच्या फटीतली पिपिस्ट्रेल ही छोटी किडेखाऊ वाघळे मात्र दुसऱ्या शाखेतली. म्हणजे प्रतिध्वनीची कला एकदाच आली आणि फळखाऊंनी गमावली, की दोनदा स्वतंत्रपणे आली? वाद अजून मिटलेला नाही. त्यात गुहांमधली रूझेट नावाची वाघळे फळखाऊ असूनही जिभेने टकटक करून अंधारात वाट काढतात!

अमेरिकेत वायोमिंगला सापडलेल्या ऑनिकोनिक्टेरिस या वाघळाच्या जीवाश्माचे वर्णन २००८ साली झाले. वय सुमारे सव्वापाच कोटी वर्षे, पाचही बोटांना नख्या. ते उडत होते हे नक्की. कानाच्या रचनेवरून त्याला प्रतिध्वनी वापरता येत नसावा, असे वर्णन करणाऱ्यांचे मत. त्यावर आक्षेपही आले.

– म्हणजे लिहू काय?

– जगात १४०० हून अधिक जाती आहेत. साऱ्या गणाला ‘वाघूळ’ म्हणा, ‘वटवाघूळ’ मोठ्या फळखाऊंना राखून ठेवा. पाठ्यपुस्तके सरसकट वटवाघूळ लिहितात, ते चूक म्हणता येणार नाही, पण त्याने भेद पुसला जातो. पाकोळी गावचे नाव म्हणून जरूर द्या, सोबत जात सांगा. आणि अनेकवचन लाकूड-लाकडे या चालीवर वटवाघळे, ‘वटवाघुळे’ नको.